परीक्षा शाळेत, दारात नव्हे

गेल्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी चिरनेरला आला होता. तो न्यू जर्सीत राहतो. पस्तिशीनंतर त्याची नजर हळूहळू गेली. महागणपतीच्या देवळात जायचं म्हणाला. मी त्याचा हात धरायला गेलो, तर म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मला धरू नका. मी तुमचं कोपर धरतो, म्हणजे तुमच्या मागोमाग येता येतं." पंचाहत्तरीला आल्यावर मी नवीन धडा शिकलो.

वाटेत तो त्याच्या कुत्रीबद्दल सांगत होता. तिकडे तो कुणाचंच कोपर धरत नाही. १९२९ साली स्थापन झालेल्या 'सीइंग आय' या संस्थेने त्याला शिकवून तयार केलेली लॅब्राडोर दिली आहे. मला वाटायचं, कुत्रा रस्ता दाखवतो. तसं नसतं. कुठे वळायचं ते माणसाने ठरवायचं. कुत्र्याने खांब आणि खड्डे चुकवायचे, पायरीशी थांबायचं, आणि समोरून गाडी येत असेल तर मालक 'चल' म्हणाला तरी हलायचं नाही. आज्ञा केव्हा मोडायची हेही त्या शाळेत शिकवतात! आम्ही मास्तरांनी जन्मभर आज्ञा पाळायलाच शिकवलं.

बोलण्याच्या नादात मी देवळाची पायरी सांगायला विसरलो आणि तो अडखळला. सावरून हसत म्हणाला, "ती थांबली असती, गुरुजी."

"मग आणलं का नाहीस तिला?"

"इथे प्रत्येक दारात वाद कोण घालणार? हॉटेल, टॅक्सी, लॉज... त्यापेक्षा तुमचं कोपर बरं."

हे मला लागलं. १९३० साली जंगलात पाऊल टाकण्याच्या हक्कासाठी आमच्या गावाने गोळ्या झेलल्या. २५ सप्टेंबरला आम्ही हुतात्म्यांना हार घालतो. आणि त्याच गावात याला आपले डोळे घरी ठेवून यावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, उद्या कुणीही आपल्या लाडक्या कुत्र्याला जाकीट घालून आणेल. शंका रास्त आहे. अमेरिकेत तसं झालंही. तिथल्या १९९०च्या कायद्याप्रमाणे दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि तो कोणतं काम शिकला आहे? दाखला मागता येत नाही. याचा काहींनी गैरफायदा घेतला. विमानात 'मनाला आधार' म्हणून नाना प्राणी येऊ लागले, तेव्हा २०२० साली विमानांपुरता नियम कडक करून त्यांना वगळलं. पण म्हणून अंध माणसाचा हक्क काढून घेतला नाही.

आपल्याकडे मात्र पहिल्यांदा दाखलाच सुचतो. मी नोकरीत शेकड्यांनी दाखले लिहिले, म्हणून सांगतो, दाखल्याने लबाड अडत नाही, तो सगळ्यात आधी दाखला मिळवतो. अडतो तो सरळ माणूस, ज्याचा कागद नेमका त्या दिवशी घरी राहिलेला असतो.

याचा अर्थ परीक्षाच नको असा नाही. ती कडकच हवी, पण ती शाळेत व्हावी. कुत्र्याला कसं शिकवलं, माणसाची आणि त्याची जोडी नीट जमली का, हे संस्थेने तपासावं आणि संस्थेला कुणीतरी तपासावं. १९८९ पासून असा एक आंतरराष्ट्रीय महासंघ हे काम करतो. दारात फक्त वागणूक पाहावी. कुत्रा अंगावर गेला, घाण केली, आवरेना, तर कितीही शिक्क्यांचा कागद असो, त्याला बाहेर न्यायला सांगावं. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांचाही त्यात मान राहतो.

आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुत्र्याचं नाव नाही, पण योग्य त्या सोयी द्यायचं बंधन आहे. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे हवेत, नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरणार नाहीत, असंही बजावलं. त्या नियमांत वाटाड्या कुत्र्यासाठी दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? उलट आता त्यांची गरज वाढली आहे. ७ नोव्हेंबर २०२५ला त्याच न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांतून भटके कुत्रे हलवायला सांगितलं. लेखी नियम नसेल तर दारावरचा रखवालदार या कुत्र्यालाही भटक्यांतच मोजणार. त्याचा तरी काय दोष?

आमच्या गल्लीतली भुंकणारी टोळी पाहता इथे असा कुत्रा चालवणं सोपं नाही, हे मला कळतं. असे कुत्रे आपल्याकडे थोडेच असतील. पण थोड्यांचा हक्क म्हणजे अर्धा हक्क नव्हे.

धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार नव्हता, ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली आणि मुलांनी दरवेळी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्गातला एक मुलगा आज आपली कुत्री मागे ठेवून गावी येतो. पुढच्या खेपेला तिला आण, असं मी त्याला सांगितलं आहे. देवळात काय म्हणतील ते मी बघतो. हॉटेल आणि टॅक्सीचं मात्र सरकारने बघावं.