हिरव्या गॅसचं बिल भाडेकरूच्या माथी नको

जर्मनीत भाड्याच्या घरात राहणाऱ्याला वर्षातून एकदा घरमालकाकडून खर्चाचा हिशेब येतो. त्यात पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट असं सगळं असतं, आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठा आकडा हीटिंगचा. श्टुटगार्टमध्ये आमच्या इमारतीच्या तळघरात गॅसचा बॉयलर आहे. तो कोणता बसवायचा, कधी बदलायचा, हे मालक ठरवतो. त्यात जळणाऱ्या गॅसचे पैसे आम्ही भाडेकरू भरतो. या देशात निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात आणि जवळपास निम्मी घरं गॅसवर तापतात. त्यामुळे घरगुती गॅसमध्ये पर्यावरणस्नेही वायूंचं प्रमाण वाढवायचं म्हटलं, की मी आधी बघते ते खर्च कुणाच्या खात्यावर पडणार ते.

२०२४ पासून लागू झालेल्या इमारत-ऊर्जा कायद्याने नव्या हीटिंगसाठी ६५ टक्के अक्षय ऊर्जेची अट आणली. मात्र शहराचा उष्णता आराखडा होईपर्यंत जुन्या इमारतींत गॅस बॉयलर बसवण्याची मुभा ठेवली आणि त्याच्या बदल्यात टप्पे आखून दिले: २०२९ पासून १५ टक्के, २०३५ पासून ३० आणि २०४० पासून ६० टक्के बायोमिथेन किंवा हायड्रोजन. कायद्यावरून एवढं रान उठलं, की २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने तो रद्द करण्याचं वचन आपल्या करारातच दिलं. पण गॅसमध्ये हिरवा वायू मिसळायची कल्पना कुठल्याही पुढाऱ्याला सोयीची वाटते. नळ तोच, बॉयलर तसाच, भिंत फोडायला नको. मतदाराला आज काहीच करावं लागत नाही. खर्च मागाहून येतो, आणि तो बॉयलर निवडणाऱ्याकडे येत नाही.

मला या वायूबद्दल आकस नाही. सांगली जिल्ह्यात आमच्या घरामागे गोबरगॅस होता. शेणकाला कालवणारी आजी आणि त्यावर होणारा चहा बघत मी वाढले. इथेही मूळ प्रक्रिया तीच आहे. हवाबंद टाकीत शेण, मका, खरकटं कुजवायचं, निघालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा आणि उरलेलं मिथेन गॅसच्या जाळ्यात सोडायचं. जर्मनीत बायोगॅसचे नऊ हजारांच्या आसपास प्रकल्प आहेत, पण बहुतेक जागच्या जागी वीज करतात. वायू शुद्ध करून जाळ्यात सोडणारे अडीचशेच्या घरात. त्यांचा वायू देशाच्या एकूण गॅसवापराच्या जेमतेम एक टक्का भरतो. तो वाढवायचा तर मका वाढवावा लागेल, आणि मक्याखाली आधीच पुष्कळ जमीन गेली आहे.

यावर डेन्मार्कचा दाखला हमखास दिला जातो. तिथे जाळ्यातल्या गॅसपैकी सुमारे ४० टक्के बायोमिथेन आहे, हे खरं. पण तिथे डुकरं-गाईंचं शेण मुबलक आहे आणि गॅसवर तापणारी घरं मुळातच थोडी. नव्या इमारतींत गॅस बॉयलरला त्यांनी २०१३ मध्येच बंदी केली, शहरं सामूहिक उष्णता पुरवठ्यावर नेली. वायू वाढला तसा गॅसचा खपही घटला, म्हणून टक्का चढला. निम्मी घरं गॅसवर ठेवून तो चढत नाही. हायड्रोजनचं तर बोलायलाच नको. हीट पंप जेवढ्या विजेत घर तापवतो, त्याच्या पाचपट वीज त्याला लागते.

म्हणजे हा वायू दुर्मीळ राहणार आणि महागही. तो आधी रासायनिक कारखान्यांना द्यावा, वारा पडलेल्या अंधाऱ्या हिवाळी आठवड्यांत वीज करायला राखून ठेवावा. घरांसाठी दुसरे मार्ग आहेत. मानहाइमच्या वीज-गॅस कंपनीने २०३५ पर्यंत गॅसचं जाळं बंद करायचं जाहीर केलं आहे. ग्राहक सुटत जातील तसा जाळ्याचा ठरलेला खर्च उरलेल्यांवर पडेल, आणि मागे उरणार कोण, तर ज्यांना बॉयलर बदलायचा अधिकारच नाही ते.

भारतातही सीएनजी आणि नळाच्या गॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याची सक्ती आली आहे: २०२५-२६ मध्ये एक टक्का, २०२८-२९ मध्ये पाच. साखर कारखान्यांच्या प्रेसमडला (उसाच्या रसाच्या गाळाला) त्यामुळे भाव येईल, त्याचा मला आनंदच आहे. पण तिथे गॅस शेगडीपुरता लागतो. इथे तो महिनोन्महिने अख्खी इमारत तापवतो.

हा खर्च वाटण्याचा मार्ग नव्याने शोधायचीही गरज नाही. कार्बनवरचा कर २०२२ पर्यंत पूर्णपणे भाडेकरूच्या माथी मारता येत होता. २०२३ पासून तो दहा टप्प्यांत वाटला जातो. इमारत जितकी गळकी, तितका मालकाचा वाटा मोठा, अगदी ९५ टक्क्यांपर्यंत. बायोमिथेनच्या वाढीव दरालाही हाच नियम लावावा. आणि ज्या मालकाला आज नवा गॅस बॉयलर बसवायचा आहे, त्याने २०४० पर्यंतच्या इंधनखर्चाचा अंदाज भाडेकरूंना आधी लेखी द्यावा.