दान झाकलेले, माप उघडे

हिंदी चित्रपटातील व्यापाऱ्याच्या वाट्याला फार मोजकी कामे येतात. तो व्याजासाठी दारात उभा राहतो, घरभाड्यासाठी गरिबाचे सामान रस्त्यावर काढतो किंवा धान्यात खडे मिसळतो. १९८७ साली प्रदर्शित झालेल्या ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटात रूपचंद नावाचा किराणा दुकानदार आहे, आणि त्याच्याकडे यांपैकी शेवटचे काम सोपवलेले आहे. अदृश्य नायक त्याला त्याच्याच मालातील खडे खायला लावतो, तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवतात. बाजारपेठेच्या गावी त्या टाळ्या ऐकणाऱ्यांत किराणा दुकानदाराचे कुटुंबही बसलेले असते. त्या कुटुंबाने टाळी वाजवावी की मान खाली घालावी, हा प्रश्न चित्रपटाच्या कथेपेक्षा कमी रंजक नाही.

चित्रपटाची थोडी ओळख आवश्यक आहे. निर्माते बोनी कपूर, दिग्दर्शक शेखर कपूर, लेखक सलीम-जावेद. या लेखकजोडीचे एकत्रित काम म्हणून पडद्यावर आलेला हा अखेरचा चित्रपट. शेखर कपूर चित्रपटसृष्टीत येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये चार्टर्ड अकाउंटंट झाले होते, ही गोष्ट व्यापारी घरांतील तरुण-तरुणींना मौजेची वाटेल. अरुण वर्मा हा गरीब तरुण अनाथ मुलांचा मोठा परिवार सांभाळतो. त्याच्या शास्त्रज्ञ वडिलांनी एक यंत्र तयार केलेले असते. ते मनगटावर बांधले की माणूस दिसेनासा होतो, फक्त तांबड्या प्रकाशात तो दिसतो. दुसऱ्या बाजूला संपूर्ण देश नष्ट करू पाहणारा मोगॅम्बो. अमरीश पुरी यांनी साकारलेल्या या खलनायकाचे तीन शब्दांचे पालुपद आजही लहान मुलांच्या तोंडी आहे. विज्ञानकल्पना, हाणामारी, विनोद आणि अश्रू यांचे हे मिश्रण प्रेक्षकांना इतके भावले, की त्या वर्षी कमाईत हा चित्रपट ‘हुकूमत’च्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर राहिला. १९८९ मध्ये त्याच्या तमिळ आणि कन्नड आवृत्त्याही निघाल्या.

त्या काळी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात चित्रपट पाहण्याच्या वाटा आजच्यासारख्या नव्हत्या. जुनी मंडळी ज्याला घोडनदी म्हणतात ते पुणे-नगर रस्त्यावरील शिरूर आणि भीमेकाठचे रेल्वे जंक्शन दौंड ही दोन्ही बाजारपेठेची गावे. खेड्यापाड्यांतील प्रेक्षकाला चित्रपट भेटे तो जत्रेतील फिरत्या तंबूत, गावच्या चित्रपटगृहात किंवा भाड्याने आणलेल्या व्हिडिओ संचावर. तंबूत पडद्यासमोर एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया बसत. बाजरी विकायला आलेला शेतकरी, त्याची बाजरी घेणारा अडत्या, पोती वाहणारा हमाल आणि महिन्याचा किराणा उधारीवर नेणारा रेल्वे कामगार एकाच पडद्याकडे पाहत असत. दिवसा तागडीच्या दोन बाजूंना उभी राहणारी माणसे रात्री एकाच सतरंजीवर येत. म्हणूनच अशा चित्रपटाबद्दल एकच मत असणे शक्य नव्हते.

मुलांचे मत सर्वांत सरळ. त्यांना कॅलेंडर नावाचा स्वयंपाकी आवडला, हवेत तरंगणाऱ्या वस्तू आवडल्या, मूर्तिचोराला चोप देणारी हनुमानाची मूर्ती आवडली. स्त्रियांची सहानुभूती घर चालवणाऱ्याकडे गेली. भाडे, दूध, किराणा आणि इतकी तोंडे हा हिशेब त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. बॉम्बस्फोटात टीना नावाची चिमुरडी मरण पावते, त्या प्रसंगावर मात्र दोन्ही बाजूंचे डोळे ओले होतात. इतक्या लहान मुलीचा मृत्यू मुलांच्या चित्रपटात दाखवावा का, असा आक्षेप घेणारे पालक तेव्हाही असतील आणि आजही आहेत.

विज्ञान शिकलेल्यांची शंका वेगळी. माणूस अदृश्य झाला तर त्याचे कपडे, त्याने खाल्लेला घास, त्याची सावली यांचे काय? त्याहून मोठी अडचण डोळ्यांची. दिसण्यासाठी प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर अडला पाहिजे. शरीर पूर्ण पारदर्शक झाले तर प्रकाश आरपार निघून जाईल आणि अदृश्य माणूस आंधळा होईल. चित्रपट या शंकांपाशी थांबत नाही. तांबड्या प्रकाशाची एक अट घालून तो पुढे जातो आणि प्रेक्षक ती अट मान्य करतो. आजच्या तरुणांना मोगॅम्बोच्या अड्ड्यातील रंगीत दिवे पाहून हसू येते. मात्र संगणकाच्या साहाय्याशिवाय, कॅमेऱ्याच्या आणि दोऱ्यांच्या करामतीवर वस्तू तरंगत ठेवणे हे त्या काळी मोठे कसब होते.

आता व्यापाऱ्याचे मत. त्याची तक्रार सहज झटकून टाकण्यासारखी नाही. धान्यात सापडणारा प्रत्येक खडा दुकानदाराने टाकलेला नसतो. शिरूर-दौंडच्या शेतांत त्या काळी ज्वारी-बाजरीची मळणी सारवलेल्या खळ्यावर होत असे. बैलांच्या पायांखालून निघालेल्या धान्याबरोबर माती, खडे, काड्या हेही पोत्यात भरले जात. शेतकरी ते पोते तसेच बाजारात आणी. अडत्या, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार या तिघांच्या हातून फिरून ते गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचे. शेवटी बोल मात्र दुकानदाराला लागे, कारण पिशवी त्याच्या हातातून घेतलेली असे. दोष खळ्याचा, शिक्षा रूपचंदला, असे व्यापाऱ्याला वाटले तर त्यात गैर काय?

यावर घरातील स्त्रियांकडे उत्तर आहे, आणि ते पडद्यावरील शिक्षेपेक्षा अधिक नेमके आहे. सूप घेऊन धान्य निवडणाऱ्या बाईला खळ्याचा खडा आणि दुकानाचा खडा यांतील फरक कळतो. खळ्याचा खडा वेडावाकडा, मातकट, कधी मोठा, कधी लहान. डाळीच्याच रंगाचा आणि डाळीच्याच आकाराचा खडा पुन्हा पुन्हा हाती आला, तर तो शेतातून आलेला नाही हे तिला कोणी सांगावे लागत नाही. ती भांडायला जाईलच असे नाही. पुढच्या महिन्यापासून ती दुसऱ्या दुकानाची पायरी चढते, एवढेच.

हा हिशेब आकड्यांत मांडून पाहावा. तूरडाळीचा दर किलोला १२० रुपये धरला आणि एका क्विंटलमध्ये कोणी २ किलो खडे मिसळले, तर त्याला २४० रुपयांचा लाभ झाला. आता दरमहा ४,००० रुपयांचा किराणा नेणारे एक घर तुटले असे धरू. वर्षाची विक्री ४८,००० रुपयांनी घटली. नफ्याचे प्रमाण केवळ ५ टक्के मानले, तरी वर्षाचा तोटा २,४०० रुपये. दहा क्विंटल डाळीतील लबाडी एका घराच्या नाराजीत वाहून जाते. शिवाय ते घर दुसऱ्या वर्षी आपोआप परत येत नाही, आणि जाताना शेजारणीलाही सांगून जाते.

कायद्याने या बाबतीत व्यापाऱ्याची अडचणही ओळखली आहे. शेतमालात काही प्रमाणात कचरा येणारच, हे गृहीत धरून सध्याच्या अन्नसुरक्षा नियमांत धान्यातील बाह्य पदार्थांना वजनाच्या १ टक्क्यापर्यंत मुभा आहे. त्यातही माती-खड्यांसारखे खनिज पदार्थ ०.२५ टक्क्यापेक्षा अधिक चालत नाहीत. म्हणजे एका क्विंटलला पाव किलो. वरच्या उदाहरणातील २ किलो हे त्याच्या आठपट होतात. खळ्याची सबब पाव किलोपर्यंत ऐकून घेतली जाईल. त्यापुढे ती सबब राहत नाही.

भेसळीविरुद्ध देशव्यापी कायदा १९५४ पासून होता. ग्राहक संरक्षण कायद्याला डिसेंबर १९८६ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि पुढच्याच वर्षी ‘मिस्टर इंडिया’ पडद्यावर आला. हा योगायोग असला तरी बोलका आहे. सामान्य गिऱ्हाइकाला आपली तक्रार ऐकणारे कोणी नाही असे वाटत होते. कायद्याचे दार नुकतेच किलकिले झाले होते आणि तिथवर पोहोचण्याची वाट त्याला ठाऊक नव्हती. म्हणून पडद्यावरील अदृश्य माणसाने दुकानात शिरून निकाल दिला, तेव्हा त्याला ते आपलेच काम झाल्यासारखे वाटले. टाळ्या सर्व दुकानदारांच्या विरोधात नव्हत्या. ऐकणारा कोणी तरी भेटला, या समाधानाच्या त्या होत्या.

मात्र अदृश्य न्यायाधीशाविषयी एक गंभीर आक्षेप उरतोच. एच. जी. वेल्स यांनी १८९७ साली अदृश्य माणसाची कादंबरी लिहिली, तेव्हा त्यांचा नायक परोपकारी झाला नाही. आपल्याला कोणी पाहत नाही हे कळताच तो चोरी, मारहाण आणि हत्येपर्यंत पोहोचला. हिंदी पडद्यावरही अदृश्यतेची कथा नवी नव्हती. १९५७ च्या ‘मिस्टर एक्स’मध्ये अशोक कुमार अदृश्य झाले होते. तेच अशोक कुमार ‘मिस्टर इंडिया’त प्राध्यापक सिन्हा म्हणून येतात. अरुण सज्जन आहे म्हणून रूपचंदला खडे खाण्यावर भागले. तेच यंत्र मोगॅम्बोच्या मनगटावर असते तर? ज्याला जाब विचारता येत नाही त्याच्या हाती दंड देणे हे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. आज मोबाइलवर नाव न सांगता दुकानाला एक तारा देणारा, खोटी बदनामी पसरवणारा माणूसही एक प्रकारे अदृश्यच असतो. त्याच्याशी भांडण्याने हाती काही लागत नाही. दुकानाचा खुलेपणा मात्र त्याच्या शब्दाचे वजन कमी करू शकतो.

चित्रपटात आणखी एक प्रसंग आहे. धनिकांच्या मेजावरील ताटे अदृश्य हातांनी उचलली जातात आणि बाहेरच्या भुकेल्यांपुढे जातात. प्रेक्षक इथेही खूश होतात. गुप्तदानाची परंपरा असलेल्या समाजाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल, पण पूर्णपणे नव्हे. गुप्तदानात देणारा स्वतःच्या ताटातले देतो आणि नाव झाकतो. दुसऱ्याच्या ताटातले उचलून देण्यात भुकेल्याचे पोट भरते, परंतु देणाऱ्याचे काही कमी होत नाही. ज्या रूपचंदांना हा चित्रपट टोचतो, त्यांनी बहुधा नेमका उलटा क्रम लावलेला असतो. त्यांचे दान फलकावर मोठ्या अक्षरांत असते आणि माप आतल्या खोलीत. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे आणि मालातील भेसळ यांची गणना केलेली आहे, त्या व्रताला हा क्रम मान्य नाही. तिथे माप सर्वांसमोर असते आणि दानावर पडदा असतो.

चित्रपटाच्या शेवटी अरुणजवळ ते यंत्र उरत नाही. मोगॅम्बोसमोर तो उघड्या तोंडाने, सर्वांना दिसेल असा उभा राहतो आणि तसाच जिंकतो. अदृश्य होऊन केलेल्या इतक्या पराक्रमांनंतर लेखकांनी शेवटचा विजय दिसणाऱ्या माणसाला दिला, याकडे प्रेक्षकांचे क्वचितच लक्ष जाते. व्यापाऱ्याने मात्र ते अवश्य पाहावे.

शिरूर ते न्हावरे, न्हावरे ते चौफुला, तिथून पुढे दौंड या टापूत आज मळणी यंत्राने होते, डाळ कारखान्यात स्वच्छ होऊन पाकिटात येते. खळ्याची सबब जवळजवळ संपली आहे. तरीही सुट्या मालाची पोती दुकानात आहेतच, आणि वजनकाट्याचा आकडा कोणाला दिसतो हा प्रश्नही आहेच. वैधमापन विभागाचा शिक्का वेळेवर घेतलेला काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवावा. पोत्याशेजारी एक चाळण असावी. गिऱ्हाइकाने मागण्याआधीच दुकानदाराने मूठभर डाळ तिच्या तळहातावर ठेवावी. पुढे कधी सुट्टीच्या दुपारी दूरचित्रवाणीवर हा जुना चित्रपट लागेल, घरातील मुले रूपचंदच्या फजितीला खदखदून हसतील, तेव्हा त्यांच्या आजोबांनाही त्यांच्याबरोबर मोकळेपणाने हसता आले पाहिजे.