उलटली नाही म्हणजे गाभण नव्हे

जमीन एक-दोन एकर, तीही कोरडवाहू, आणि दारात एक संकरित गाय, असे चित्र आपल्या अनेक वाचकांच्या घरी आहे. तेल-मिठाचा, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अशा घरात दुधाच्या पैशांवरच निघतो. म्हणून गाय वेळेवर गाभण राहणे ही साऱ्या संसाराची गोष्ट आहे.

पुष्कळ घरांत असे होते. गाईला रेतन केले, ती पुन्हा माजावर आलेली दिसली नाही, की ती गाभण आहे असे धरून चालतात. चार-पाच महिने जातात, पोट वाढत नाही, मग शंका येते. डॉक्टर तपासून सांगतात, गाय रिकामी आहे. गाईला साधारण २१ दिवसांनी माज येतो. म्हणजे पाच महिन्यांत सात वेळा संधी हातची गेली. आता ती लगेच फळली तरी व्यायला आणखी नऊ महिने नऊ दिवस. तोवर दूध आटते, पेंड-कडब्याचा खर्च आणि गाईसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशाच वेळी चांगली गाय भाकड म्हणून बाजारात उभी राहते.

गाय उलटली नाही, एवढ्यावर विश्वास का ठेवू नये? संकरित गाईचा माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. तो रात्री येऊन गेला तर कुणाला कळणार? काहींचा माज मुका असतो, म्हणजे गाय हंबरत नाही, सोटही फारसा दिसत नाही. म्हशीत, विशेषतः उन्हाळ्यात, हे अधिक आढळते. काही वेळा गर्भाशयात पू साठतो. तेव्हाही माज बंद होतो, पण पोटात वासरू नसते. याउलट काही गाई गाभण असूनही माज दाखवतात. तेव्हा न तपासता पुन्हा रेतन केले, तर असलेला गाभ पडण्याचा धोका असतो.

जुनी माणसे गाईचे मूत्र पाण्यात मिसळून त्यात गहू भिजत घालतात. गाभण गाईच्या मूत्रात मोड कमी येतात, असा हा ठोकताळा. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. अभ्यासकांनीही तो पडताळून पाहिला आहे. पण बियाणे कसे, मूत्रात पाणी किती, यावर निकाल बदलतो. म्हणून घरचा निर्णय त्यावर सोपवू नये.

खात्रीचा मार्ग म्हणजे रेतनानंतर ६० ते ९० दिवसांच्या आत पशुवैद्यकाकडून तपासणी. हातमोजा घालून, गुदमार्गातून हात घालून ते गर्भाशय चाचपून पाहतात. ‘हात घातला की गाभ पडतो’ ही भीती अनेक घरांत आहे. जाणत्या डॉक्टरांच्या हातून सहसा इजा होत नाही. शिकाऊ किंवा अडाणी हात मात्र टाळावा. सोय असेल तेथे सोनोग्राफीने महिन्याभरातच कळते. रक्ताच्या किंवा दुधाच्या तपासणीनेही साधारण २८ दिवसांनंतर समजते. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करावी. आणि एक नेमके लक्षात ठेवावे : माजावर आणण्याची काही इंजेक्शने गाभण गाईला दिली तर गाभ पडतो. म्हणून आधी तपासणी, मगच इंजेक्शन.

डॉक्टर आले की पहिला प्रश्न विचारतात, ‘रेतन कधी केले?’ घरधनी आठवू लागतात, ‘पोळ्याच्या आसपास असेल.’ शेण काढणारी, वैरण टाकणारी, पहाटे गाय अस्वस्थ आहे हे सर्वांत आधी ओळखणारी घरातली बाई मात्र दाराआड उभी असते. तारीख तिला पाठ असते, पण तिला कुणी विचारत नाही. भगिनींनो, डॉक्टर आले की पुढे या, आणि तारखा स्वतःच्या हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या.

समजा, १ जूनला रेतन झाले. २२ जून आणि १३ जुलै या तारखांना खूण करा. त्यांच्या आगेमागे तीन-चार दिवस पहाटे व संध्याकाळी गाईकडे नीट पाहा. ऑगस्टमध्ये तपासणी करून घ्या. गाभण ठरली तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दूध आटवा, म्हणजे विण्यापूर्वी तिला दोन महिने विश्रांती मिळेल. मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ती विण्याची अपेक्षा धरा. म्हैस असेल तर दहा महिने दहा दिवस मोजा.

रिकामी ठरली तरी खचून जाऊ नका. दोन-तीन महिन्यांत कळले, तर कारण शोधून उपचार करायला वेळ हाताशी असतो. ज्यांच्या गाईला रेतन होऊन दोन महिने उलटले आहेत, त्यांनी याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.