मोठं लेकरू इटलीत चालतं, हिंगोलीत का चालत नाही?

पोस्ट लांबली आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

मागच्या आठवड्यात आपल्या इकडच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता. "आपली अनाथ लेकरं गोरे लोक उचलून नेतात, सरकार झोपलंय का?" खाली लाल चेहऱ्यांची रांग. त्या ग्रुपमधले निम्मे लोक मला ओळखतात. आमची लेक दत्तक आहे हेही त्यांना माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही आठ वर्षांची मुलगी घरी आणली, तेव्हा यातल्याच काहींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वहिनी, लहान बघायचं होतं. एवढं मोठं लेकरू कुणी आणतं का?"

माझं म्हणणं एवढंच आहे. गोरे लोक उचलून नेत नाहीत. आपण घेत नाही म्हणून ती जातात.

आकडे बघा. २०२४-२५ या वर्षात 'कारा'मार्फत ४,५१५ मुलं दत्तक गेली. त्यातली ४,१५५ देशातच राहिली. म्हणजे बाहेर गेली ३६०, आणि त्यात परदेशात राहणाऱ्या आपल्याच लोकांनी नेलेलीही आली. दुसरीकडं दत्तकासाठी नाव नोंदवून बसलेले पालक तीस हजारांच्या वर आहेत. बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. मग एवढी रांग असताना ती लेकरं बाहेर का गेली?

कारण रांग बाळासाठी आहे. नियम असा की, बालकल्याण समितीनं कायद्यानं मोकळं जाहीर केलेलं लेकरू आधी भारतातल्या आणि अनिवासी भारतीय पालकांसाठी असतं. साठ दिवसांत त्याला घर मिळालं नाही, तर परदेशाचा रस्ता उघडतो. आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ५९ मध्येच लिहून ठेवलंय की अपंग मुलं, सख्खी भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना परदेशी दत्तकासाठी प्राधान्य देता येईल. कायदा लिहिणारे आपल्याला चांगलेच ओळखून होते म्हणायचं.

गंमत म्हणजे सुरुवातीला विचार उलटा होता. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, की परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होतात. त्यावर १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींचा निकाल आला. आधी देशात घर शोधा, नाहीच मिळालं तर परदेश, आणि द्यायचंच तर शक्यतो तीन वर्षांच्या आत द्या म्हणजे लेकराला तिथं रुळायला सोपं जाईल. चाळीस वर्षांनी काय चित्र आहे? रुळायला सोपी ती बाळं आपण ठेवून घेतो, आणि ज्यांना सगळं कळतं, आठवतं, अशी लेकरं सातासमुद्रापार पाठवतो.

मेसेजमधला राग अगदीच हवेतला आहे असं नाही. पुण्याच्या प्रीत मंदिर संस्थेच्या परदेशी दत्तक प्रकरणात उच्च न्यायालयाच्या आदेशानं २०१० मध्ये सीबीआयनं गुन्हा नोंदवला होता. पैशांचे व्यवहार, आईबापाच्या संमतीबद्दल शंका, हे सगळं तेव्हा पेपरात आलं होतं. म्हणून तर आता सगळं ऑनलाइन झालं, परदेशी पालकांची तपासणी त्यांच्या देशातही होते, लेकरू गेल्यावर दोन वर्षं अहवाल येतात. लक्ष ठेवलंच पाहिजे. पण लक्ष ठेवणं वेगळं आणि "आमची लेकरं, आमची लेकरं" म्हणत त्यांना अठरा वर्षं संस्थेत ठेवणं वेगळं.

आम्ही लेकीला आणायला गेलो तेव्हा तिच्या संस्थेत एक बहीण-भाऊ होते. ती नऊची, तो सहाचा. इटलीला जायचे होते. तिकडच्या जोडप्यानं फोटोंचा अल्बम पाठवला होता. घर, खोली, दोन छोटे पलंग, आजी, कुत्रा. प्रत्येक फोटोखाली त्यांच्या भाषेतला शब्द, आणि संस्थेतल्या ताईंनी पेननं त्याचा उच्चार मराठीत लिहिलेला. भाऊ येईल त्याला कुत्रा दाखवत होता. बहीण अल्बमला हात लावत नव्हती. तिनं आमच्या ह्यांना विचारलं, "काका, तिथं मराठी शाळा असते का?" ह्यांना उत्तर देता आलं नाही. ते बाहेर जाऊन चपला घालायला लागले.

त्या इटलीच्या जोडप्याला मी नावं ठेवू शकत नाही. त्यांनी दोघांना एकत्र घेतलं. आपल्याकडं भावंडं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "त्यातलं एकच मिळेल का?"

आता आमच्या घरातलं. लेकीचं नाव, तिची संस्था, तिचा जिल्हा मी लिहिणार नाही. एक तर कायद्यानं मनाई आहे, आणि मनाई नसती तरी ती तिची गोष्ट आहे. ती आता अकरा वर्षांची आहे. ही पोस्ट टाकायच्या आधी तिला वाचून दाखवली. दोन गोष्टी काढ म्हणाली, काढल्या.

ती दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातली, मराठीच बोलणारी, तरी बोलणं वेगळं. आमच्या सासूबाई आपल्या इकडच्या पद्धतीनं तिला "ये माय, जेव माय" म्हणायच्या. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, "मी आजीची माय कशी?" महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही तऱ्हा. मला त्या नऊ वर्षांच्या बहिणीची आठवण आली. तिला तर पाणी मागायलाही नवा शब्द शिकायचा होता.

पहिले दोन महिने ती मला "ताई" म्हणायची, संस्थेतल्या बायांना म्हणायची तसं. पाणी प्यायच्या आधी विचारायची. पहाटे साडेपाचला उठून अंथरुणाची घडी करून त्यावर बसून राहायची. जेवण पाच मिनिटांत संपवायची, आणि दप्तरात बिस्किटं, अर्धी भाकरी, एकदा तर वरणभाताचा गोळा कागदात बांधून ठेवलेला सापडला. समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं, रागवायचं नाही, उलट तिच्या हाताला येईल असा एक डबा भरून ठेवायचा. ठेवला. साधारण सात महिन्यांनी डबा तसाच भरलेला राहायला लागला.

मग उलटं सुरू झालं. गोड वागणं संपलं. ताट ढकलणं, भावाची वही फाडणं, "मला परत सोडा" म्हणून ओरडणं. शेजारच्या काकूंनी लगेच निकाल दिला, "बघ, रक्त बोलतंय." रक्त नाही ओ. ती बघत होती की इतकं वाईट वागल्यावर तरी हे लोक मला परत पाठवतात का. काही लेकरं खरंच परत पाठवली जातात, आणि संस्थेतल्या प्रत्येक लेकराला अशा एखाद्याची गोष्ट माहीत असते. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी अहवाल असतो. पहिल्या भेटीला जिल्ह्याहून मॅडम आल्या तर ही गच्चीवर टाकीच्या मागं जाऊन बसली. तिला वाटलं न्यायला आल्या.

लोकांचा मोठा आक्षेप असतो की मोठ्या लेकराला सगळं आठवतं, ते जीव लावत नाही. आठवतं, खरंय. हिला तिची आई आठवते. दुसऱ्या वर्षी पितृपक्षात घरात सर्वपित्रीची तयारी चालली होती. हिनं विचारलं, "माझ्या आईला घास ठेवायचा का?" घर गप्प झालं. ज्या सासूबाई सुरुवातीला सगळ्यात जास्त विरोधात होत्या, त्यांनी काही न बोलता एक पान जास्तीचं वाढलं आणि तिलाच म्हणाल्या, "तिला काय आवडायचं ते सांग." तिला आठवेना. मग खीर वाढली. मला यात जीव न लावण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. स्वतःच्या आईला विसरणारं लेकरू मला तरी नको होतं.

आणि आपल्याकडच्या नात्यागोत्यातल्या विरोधाबद्दल सरळ बोलते. रक्त, वळण, जात हे तोंडानं बोलायचं. मनात असतो सातबारा. दत्तक लेकराला पोटच्या लेकराइतकाच हक्क मिळतो, म्हणून दुखतं. बाळ आणलं असतं तरी तेवढंच दुखलं असतं, फक्त बोललं कमी असतं.

दुसऱ्याचं लेकरू घरात वाढवणं आपल्या भागाला नवीन नाही. नामदेवांचं गाव म्हणून आपण नरसीला मानतो. गंगाखेडची जनी लहानपणीच नामदेवांच्या घरी आली, तिथंच मोठी झाली. पण ती राहिली दासी म्हणून. आजही भाची, पुतणी "शिकायला" म्हणून आणली जाते आणि चार दिवसांत भांडी तिच्याकडं जातात. यात कुणाला रक्त आडवं येत नाही. लेक म्हणून आणायचं म्हटलं की येतं.

कागदांचं आता पूर्वीसारखं नाही. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आदेशावरून आईबाप म्हणून आपल्या नावाचा जन्मदाखला निघतो. तरी एका शाळेनं (नाव घेत नाही) आम्हाला तीन चकरा मारायला लावल्या. "आधीच्या वडिलांचं नाव सांगा, त्याशिवाय रजिस्टर पूर्ण होत नाही." आदेशाची प्रत समोर होती. शेवटी दुसऱ्या शाळेत घातलं. लेकीसमोर हे प्रश्न विचारले गेले, त्याचा राग अजून आहे.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून सांगते. दोन वर्षांखालचं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते. आठ वर्षांपुढच्या लेकरासाठी हीच बेरीज ११० पर्यंत चालते. एकट्या व्यक्तीला बाळासाठी ४० ची मर्यादा, आठच्या पुढच्या लेकराला ५५ ची. लेकरात आणि पालकात २५ वर्षांचं अंतर मात्र पाहिजे. म्हणजे आपल्याकडं पन्नाशीला आलेली, उपचार करून थकलेली आणि "आता वय गेलं" म्हणून गप्प बसलेली जी जोडपी आहेत, त्यांचं वय गेलेलं नाही. एकदम दत्तकाची भीती वाटत असेल तर प्रतिपालकत्व आहे. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच लेकराला दत्तक घेता येतं, आधी ही मुदत पाच वर्षांची होती.

शंभर रुपयांच्या बॉण्डवर दवाखान्यातून परस्पर लेकरू आणणं म्हणजे दत्तक नाही, गुन्हा आहे. हेही ग्रुपवर टाका कधी.

प्रशासनाकडं माझ्या दोनच मागण्या आहेत. एक, संस्थेत असलेली बरीच लेकरं कायद्यानं मोकळीच झालेली नसतात. कागदावर कुणीतरी मामा, काका असतो. वर्षानुवर्षं भेटायला येत नाही आणि हक्कही सोडत नाही. नियमात दोन वर्षांवरच्या सोडून दिलेल्या लेकरासाठी चार महिन्यांची मुदत आहे. पण फायलीत लेकरू पाचाचं आठ होतं, आठाचं अकरा, आणि मग आपण म्हणतो, "फार मोठं आहे." या फायली दर तीन महिन्यांनी उघडा. दोन, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, प्रत्येक तालुक्याला महिन्यातून एक दिवस तरी समुपदेशक बसू दे. आम्हाला त्या डब्याची युक्ती सांगणाऱ्या बाई भेटल्या त्या हिंगोलीत नाही, सव्वादोनशे किलोमीटरवर.

परदेशाचा रस्ता कायम उघडा राहील असंही समजू नका. नेदरलँड्सनं २०२१ मध्ये नवीन परदेशी दत्तक थांबवले होते. चीननं २०२४ मध्ये, नातेवाइकांचा अपवाद सोडून, आपली मुलं बाहेर देणं बंद केलं. त्यांची कारणं त्यांच्यापाशी. उद्या आपल्याकडंही बंद झालं, तर ग्रुपवर फटाके वाजतील. आणि ते बहीण-भाऊ असतील कुठं? बालगृहात, बहुतेक वेगवेगळ्या, कारण मुलांचं वेगळं आणि मुलींचं वेगळं. अठरा झाल्यावर हातात एक बॅग, फार तर एकवीसपर्यंत अनुरक्षणगृह. मग पुणे, नाहीतर सुरत.

ज्यांना खरंच माहिती हवी आहे त्यांनी कलेक्टर ऑफिसला जिल्हा बाल संरक्षण कक्षाची चौकशी करा, किंवा काराच्या पोर्टलवर स्वतः नोंदणी करा, एजंट लागत नाही. मला मेसेज केला तरी चालेल, कागदपत्रांची यादी पाठवते. "लहान मिळेल का" एवढंच विचारायचं असेल तर नका करू. आणि घरी आलात तर लेकीसमोर विचारू नका, तिला सगळं कळतं.