भिंती जपल्या, माणसांचं काय?

मेक्सिको म्हटलं की आपल्याकडच्या टूरवाल्यांना कान्कूनचा समुद्र आणि मायांचे पिरॅमिड आठवतात. पण मधल्या पठारावरची स्पॅनिश काळातली शहरंही बघायलाच हवीत. ग्वानाह्वातो, साकातेकास, केरेतारो, सान मिगेल दे आयेंदे. चारही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. फक्त ती नुसती ‘किती सुंदर!’ म्हणत बघू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सौंदर्य आलं कुठून? चांदीतून. १५४६ मध्ये साकातेकासला चांदी सापडली, मग ग्वानाह्वातोला. तिथल्या वालेन्सियाना खाणीच्या मालकाने खाणीजवळच चर्च बांधवून घेतलं, आत सगळं सोनेरी कोरीवकाम. १८०३ साली हम्बोल्ट हा जर्मन संशोधक ग्वानाह्वातोला आला होता. पाठीवर खनिजाची जड ओझी घेऊन खाणीच्या पायऱ्या चढणाऱ्या मजुरांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. चर्च बघताना ते मजूर आठवायला नकोत का?

राग साचत होताच. सप्टेंबर १८१० मध्ये हिदाल्गो या पाद्र्यामागे निघालेल्या लोकांनी ग्वानाह्वातोचं धान्यकोठार फोडलं. आत आसरा घेतलेल्या स्पॅनिशांची कत्तल झाली. पुढच्या वर्षी हिदाल्गो, आयेंदे आणि दोन साथीदारांची मुंडकी त्याच इमारतीच्या चार कोपऱ्यांवर टांगली गेली. १८२१ पर्यंत ती तिथेच होती! आज तिथे संग्रहालय आहे.

आणि ज्या गावाला या आयेंदेचं नाव दिलं, त्या सान मिगेलमध्ये आज काय चाललंय? निवृत्त अमेरिकन आणि पर्यटकांमुळे जुन्या भागातल्या घरांच्या किमती सामान्य स्थानिक माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्यात. हॉटेलात फरशी पुसणारे, स्वयंपाक करणारे राहतात गावाबाहेरच्या वस्त्यांत. वारशाचे नियम भिंत जपतात. भिंतीआड कोण राहणार, हे बाजार ठरवतो.

मग जाऊच नये का? तसं नाही. पर्यटनावर तिथल्या अनेकांची चूल पेटते, हेही खरंच. पण पर्यटकांच्या पैशातला काही वाटा जुन्या गावातच परवडणारी घरं टिकवायला गेला पाहिजे. हे काम तिथल्या सरकारचं. आपण निदान मंडईत जेवावं, स्थानिक कुटुंबाच्या घरी खोली घ्यावी आणि गाइडला खाणमालकाच्या वाड्याबरोबर खाणकामगारांबद्दलही विचारावं.

तुमच्यापैकी कुणी गेलं असेल तर सांगा, गाइडने त्यांचा विषय काढला होता का?