एक टक्का कोणाच्या वाट्याचा?

रायपूरच्या बुढापाऱ्यात, बुढ्या तलावाच्या काठी, धरणे धरण्यात आमच्यापैकी अनेकांची उमेदीची वर्षे गेली. घोषणा देऊन घसा सुकला की जवळच राहणाऱ्या एका डाक सोबत्याच्या घरी आम्ही पाणी प्यायला जात असू. त्याचा मुलगा स्वमग्न. नमस्काराला उत्तर देत नसे. पण गावाचे नाव घेतले की पिनकोड सांगे. आज तो तिशी ओलांडून घरीच बसला आहे.

हे ऐकून लोक 'कमाल आहे!' म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. सगळीच स्वमग्न माणसे आकड्यांत तरबेज नसतात; काहींना बोलता येत नाही, काहींना दिवसरात्र आधार लागतो. कौतुकाने नोकरी मिळत नाही. माणूस आणि काम यांची जोडी जुळावी लागते.

आपलेच काम पाहा. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिनकोडची पद्धत १९७२ साली आली. पहिले तीन अंक सॉर्टिंगचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटपाचे कार्यालय. नियम एकच, दिवसभर तोच. आम्हाला त्याचा कंटाळा येतो. एखाद्या स्वमग्न माणसाला त्यातच स्वस्थता लाभते. रेल्वेच्या भांडारातील साठ्याची मोजणी, नोंदींची पडताळणी ही कामेही त्याच जातीची. त्यालाच तिकीट खिडकीवर गोंगाटात, सुट्या पैशांच्या वादात बसवले तर तो कोलमडेल, आणि शेरा मात्र 'अकार्यक्षम' असा पडेल.

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव जागा दिल्या. त्यांतला शेवटचा एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांत मिळून आहे. एका ताटात इतके जेवणारे! त्यातही योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या वर्षी ढकलायची आणि तेव्हाही न मिळाल्यास दुसऱ्या प्रवर्गाला द्यायची, अशी तरतूद आहे. म्हणून 'उमेदवार मिळाला नाही' हे वाक्य रोस्टरवर दिसले की शोध कसा घेतला, हे संघटनेने विचारलेच पाहिजे.

याच कायद्याने सरकारी आस्थापनेवर वाजवी सोयीसवलतीची जबाबदारी टाकली आहे. त्याला फार खर्च येत नाही: तोंडी हुकमाऐवजी लेखी सूचना, ठरलेली जागा, पाळी बदलायची तर आधी कळवणे. अडचण आपल्याकडूनही येईल. हलक्या सीटवर सर्वांची आळीपाळी हवी, हा आग्रह आपणच धरला. उद्या एकाला कायम सीट मिळाली की 'त्यालाच का?' ही कुरकुर आपल्याच सभासदांतून उठणार. तिला उत्तर शाखेच्या सभेत द्यावे लागेल, साहेबांच्या खोलीत नव्हे.

आणि कायम पदे रद्द करून कामे ठेकेदाराकडे जात राहिली तर एक टक्का कशाचा काढायचा? ठेक्यावरच्या कामाला ना रोस्टर, ना ठरलेली जागा.

पुढच्या पीएनएम बैठकीच्या विषयपत्रिकेत रेल्वे शाखांनी हा विषय घालावा: या प्रवर्गाच्या किती जागा निघाल्या, किती भरल्या, किती पुढे ढकलल्या? डाक शाखांनी हाच प्रश्न आपल्या मासिक बैठकीत मांडावा. उत्तर लेखी मागावे.