भंगाराला भाव कोण देणार?

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझी फी भंगारातून येते, हे सांगायची पहिल्या वर्षी मला लाज वाटे. आता वाटत नाही. बाबा बोईसरमध्ये हातगाडीवर भंगार गोळा करतात. आई त्यातून पुठ्ठा, पत्रा, काच, प्लास्टिक वेगळे करते.

‘कचरा वेगळा करा’ असे फलक जागोजागी दिसतात. पण वेगळा केलेला माल घेणार कोण, हे कोणी विचारीत नाही. २०२० साली कच्च्या तेलाचे भाव कोसळले. तेल उतरले की नवा प्लास्टिक दाणा स्वस्त होतो. मग जुना दाणा कारखानदार कशाला घेईल? टाळेबंदी उठल्यावर बाबांनी आणलेली बाटल्यांची पोती दारातच पडून राहिली. कष्ट तेवढेच, वजन तेवढेच, भाव मात्र निम्मा!

मग सरकारनेच माल विकत घ्यावा काय? आपल्या राज्यात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हेतू चांगला होता, पण पुढे तोटा साचत गेला. नुसती गोदामे भरून भागत नाही, मालाला कायमचे गिऱ्हाईक लागते.

केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के वाटा जुन्या प्लास्टिकचा असावा, अशी अट घातली. ही अट काटेकोर पाळली गेली, तर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतही अशा दाण्याला मागणी राहील. मात्र तो भाव दलालापाशीच अडकू नये. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन होऊन कचरावेचक संघटित झाले. आपल्याकडेही तसे बळ हवे.

कोणी म्हणेल, जुना माल वापरणे महाग पडते. पडत असेल. पण न विकलेला माल नाल्यातून खाडीत जातो, आणि त्याची किंमत आपले मच्छीमार बांधव भरतात.

मित्रहो, गुरुजनहो, आपल्या कॉलेजला दरवर्षी उत्तरपत्रिका, फायली, वह्या लागतात. त्यातला ठरावीक वाटा रद्दीपासून बनलेल्या कागदाचाच घ्यायचा, असा ठराव आपण करू शकत नाही का? हा अंकही कधीतरी बाबांच्या हातगाडीवर येईल. त्याचा पुन्हा कागद व्हावा आणि तो याच वर्गात परत यावा, एवढीच माझी मागणी आहे.